चार सुतीचं घर

एका गावात एक ठोकळा होता. बाभळीचा, हातभर लांब, वीतभर रुंद, तेल पिऊन पिऊन काळाभोर झालेला. ठोकळ्याची कसली आलीय गोष्ट, असं कुणी म्हणेल. पण त्या गावात दोघांचं भांडण लागलं, तर तिसरा म्हणायचा, "मिस्त्रीच्या ठोकळ्यासारखं बोला रे. आहे ते आहे, नाही ते नाही." म्हणजे गोष्ट असणारच की.

हा ठोकळा मिस्त्रीच्या कारखान्यात असायचा. कारखाना म्हणजे तरी काय, ओढ्याच्या काठाला पत्र्याचं छप्पर, एक भाता, एक ऐरण, हातानं फिरवायचं भोकं पाडायचं यंत्र आणि पायानं फिरवायचं धारेचं चाक. तिथं तेलाचा आणि तापल्या लोखंडाचा एक वास असायचा. तो वास ज्यांनी लहानपणी घेतला, त्यांना आजही एखादं जुनं कुलूप तेल घालून उघडलं, की ते छप्पर आठवतं.

ठोकळ्याला ओळीनं भोकं होती, आणि प्रत्येक भोकात एकेक हत्यार उभं. लोखंडाला भोक पाडतं ते ड्रिल. त्या भोकात आटे, म्हणजे गोल फिरत जाणाऱ्या खाचा, कोरतो तो टॅप. नुसतं भोक बोल्टाला धरत नाही, आटे असले तरच धरतं. तेव्हा मापं सुतावर चालायची. दोन सुती, तीन सुती, चार सुती. आठ सुतांचा एक इंच.

रीत अशी होती, की नवं ड्रिल आलं तरी त्याला लगेच लोखंडाला लावायचं नाही. त्याचं पहिलं भोक ठोकळ्यात पाडायचं. "आधी स्वतःचं घर बांध, मग लोकांच्या कामाला जा," असं मिस्त्रीचा वस्ताद ड्रिलालाच सांगायचा, जसं काही त्याला कान होते. पण त्यातली खुबी बघा. ज्यानं जे घर पाडलं, तेच त्या घरात नीट बसायचं. जाडं आत जायचं नाही, बारीक गेलं तर लुडबुडायचं. ड्रिलाच्या शेजारी त्याच मापाचे टॅप, तीन-तीन भाऊ, उंचीला सारखे. थोरला वाट काढणारा, मधला आटे कोरणारा, धाकटा तळ साफ करणारा. टोकं घरात, चौकोनी डोकी वर. मिस्त्री तोंड दुसरीकडे करून बोलत बसायचा आणि हात मागं नेऊन हवं ते हत्यार काढायचा. कधी चुकला नाही.

आणखी एक रीत होती, आणि तीच खरी. हत्यार कुणाच्या हातून मोडलं, तर त्याचा तुकडा भिंतीवरच्या तारेला बांधायचा, नवं येईपर्यंत घर रिकामं ठेवायचं आणि सांगायचं, "माझ्या हातून मोडलं." त्यावर कुणी कुणाला रागवायचं नाही. रिकामं घर दिसलं, की सगळ्यांना कळायचं, हे आणायचं आहे.

तारेवर पुष्कळ तुकडे होते. चार मिस्त्रीच्या मुलाचे. अकरा सटवाचे. सटवा म्हणजे कारखान्यातला घण मारणारा गडी, वीस वर्षं तिथंच असलेला, थोराड हाताचा आणि थोडं बोलणारा. सगळ्यात टोकाला, गंजून लाल झालेला एक तुकडा खुद्द वस्तादाचा होता. वस्ताद जाऊन जमाना झाला होता. पण मिस्त्रीचा तुकडा तारेवर एकही नव्हता. चाळीस वर्षांत एकही नाही. लोक कौतुकानं ते परगावी सांगायचे. मिस्त्री वरून म्हणायचा, "छे, छे, दैव आपलं," पण आत त्याला ते गोड लागायचं.

दिवस काय कुणाचे बसून राहतात? मिस्त्रीचे डोळे अंधुक झाले. बोटं थरथरायला लागली. मुलगा मोठा कर्ता झाला होता, त्याला स्वतःची पोरं झाली होती. एकदा जेवताना तो मायेनंच म्हणाला, "बाबा, आता आटे पाडायचं मी बघतो. तुम्ही बसून नुसतं सांगा."

मिस्त्रीनं भाकरीचा तुकडा तसाच हातात धरला. "का रे? हात कापून ठेवू का माझे?"

"तसं नाही हो बाबा."

"मग कसं?"

मुलानं त्याच्या ताटात आणखी भाकरी वाढली. पण मिस्त्रीच्या मनात ते रुतलं. माणूस म्हातारा झाला, की मायेचं बोलणंही कधी कधी कुसळासारखं टोचतं.

चार दिवसांनी असं झालं, की मुलगा लोखंड आणायला गेला होता आणि सटवा भाकरी खायला घरी. कारखान्यात मिस्त्री एकटा. कुणाच्या तरी गाडीसाठी जाड पट्टीला चार सुतीचे आटे पाडायचे राहिले होते. मिस्त्रीला वाटलं, हे दोघं यायच्या आत करून ठेवावं. बघतील तरी. त्यानं थोरला टॅप काढला, दांड्यात अडकवला, तेल सोडलं आणि फिरवायला लागला.

आटे पाडायची एक चाल असते. अर्धा फेरा पुढं, पाव फेरा मागं. मागं घेतलं की आतला कीस तुटतो आणि वाट मोकळी होते. हे मिस्त्रीनंच सगळ्यांना शिकवलेलं. पण त्या दिवशी त्याला घाई होती. तो पुढं, पुढं, पुढंच गेला.

'कट्' असा आवाज झाला.

फार मोठा नव्हता तो आवाज. वाळकी काडी मोडल्यासारखा. मिस्त्री दांडा हातात धरून उभा राहिला. पट्टीत टोक अडकलं होतं, हातात बुडखा.

त्यानं पट्टी उलटी करून टोक ठोकून काढलं. पेराएवढा तुकडा. मग तो तारेकडे गेला. बांधायला सुतळीही हातात घेतली. तेवढ्यात त्याला मुलाचं बोलणं आठवलं. 'बसून नुसतं सांगा.' आता तर तो म्हणेलच. आणि गाव? चाळीस वर्षांची ती रिकामी जागा?

मिस्त्री मागं फिरला. बुडखा त्यानं चार सुतीच्या घरात परत ठेवला. पण तो आखूड झालेला, त्याचं डोकं भावांपेक्षा खाली बसलं. मग मिस्त्रीनं लाकडाची एक ढलपी तासली, घराच्या तळाला घातली आणि वर बुडखा उभा केला. डोकी सारखी झाली. वरून बघणाऱ्याला तिघं भाऊ साबूत.

मोडलेलं टोक त्यानं आपल्या चंचीत टाकलं, पान-सुपारीत. मनाशी म्हणाला, 'बाजाराला जाईन, नवा आणीन, गुपचूप ठेवीन. कुणाचं काय गेलं?'

बाजाराला गेला, पण दुकानदार म्हणाला, "चार सुती संपलेत, पुढच्या खेपेला येतील." मिस्त्री हात हलवत परत आला. त्या पट्टीला त्यानं आटे न पाडताच आरपार बोल्ट घालून मागून नट आवळून दिला होता. चार सुतीचं काम गावात रोज निघत नाही, म्हणून कुणाला पत्ता लागला नाही. पण मिस्त्री सुपारी काढायला चंचीत बोट घाली, तेव्हा ते टोक त्याच्या बोटाला लागायचं. दिवसातून दहा वेळा. पुढं पुढं तो सुपारीच कमी खायला लागला.

आणि एके सकाळी गुऱ्हाळावरून गाडी आली.

ओढ्यापलीकडं आक्काचं गुऱ्हाळ होतं. आक्का म्हणजे मोठी तोंडाळ पण मनानं उमदी बाई, साऱ्या गावाची आक्का. तिच्या बैलाच्या चरकाचा, म्हणजे ऊस पिळायच्या यंत्राचा, एक बोल्ट सुटला होता. गाडीवान दारातूनच ओरडला, "धाकले मिस्त्री, चला लवकर! रसाची निम्मी काहील भरलीय अन् चरक थांबलाय. निम्म्या काहिलीला जाळ घालता येईना, रस करपतोय. अन् तसाच ठेवला तर आंबतोय. तोडलेला ऊस उन्हात पडलाय तो वेगळाच."

"कितीचा बोल्ट?" मुलानं विचारलं.

"तीन सुती. आटे पार झिजलेत."

मिस्त्री भात्यापाशी बसला होता. त्याचा हात चंचीवर गेला. तीन सुतीचे आटे गेले, म्हणजे भोक वाढवून चार सुतीचे पाडायचे. दुसरा इलाज नाही. त्यानं तोंड उघडलं. "अरे…"

"काय बाबा?"

एवढाच क्षण होता. मुलगा ठोकळा उचलून उभा, सटवा ड्रिलाचं यंत्र खांद्यावर घेऊन उभा, गाडीवान बैल हाकायच्या बेतात.

"तेल घेतलंस ना?" मिस्त्री म्हणाला.

"घेतलं." आणि गाडी गेली.

मिस्त्री ऐरणीपाशी येऊन बसला. कामाला हात लागेना. ओढ्यापलीकडं गुऱ्हाळाचा धूर रोज दिसायचा, तो त्या दिवशी दिसत नव्हता. त्या रिकाम्या आभाळाकडंच तो बघत राहिला.

दुपार कलली तशी गाडी परत आली. मुलगा, सटवा, आणि मध्ये पदर खोचून खुद्द आक्का.

"काय मिस्त्री," आक्का उतरायच्या आधीच बोलली, "तुमचा ठोकळा म्हणं खोटं बोलत नाही! आज माझ्या दारात येऊन बोलला की! भोक पाडून झालं, अन् आटे पाडायला बघतोय तर हातात नुसतं बुडूख!"

मुलानं ठोकळा खाली ठेवला आणि ऐरणीवर दोन वस्तू टाकल्या. बुडखा आणि ढलपी.

"बाबा, चार सुतीचा थोरला. मोडलाय. मोडला तर मोडला, पण खाली ढलपी घालून उभा केलाय, डोकं बरोबरीला यावं म्हणून. चार माणसांत मान खाली गेली माझी."

"दुसऱ्या भावानं नसतं का भागलं रे?" आक्कानं विचारलं.

"आक्का, थोरल्यानं वाट काढल्याशिवाय मधला वाकडा जातो. भोक बिघडलं असतं तुमचं." मग तो सटवाकडं वळला. "सटवाकाका, अकरा वेळा सांगितलंत. बाराव्या वेळी काय झालं?"

सटवा म्हणाला, "म्या न्हाई मोडला."

"मग कुणी? मी नाही. बाबांचा तर जन्मात एक तुकडा नाही त्या तारेवर. राहिलं कोण?"

सटवानं तारेकडं बघितलं.  "अकरा हायेत त्ये माझेच हायेत. बारावा असता तर त्योबी टांगला असता. जागा लई हाय तारेवर." मग त्यानं घण ऐरणीला टेकवून ठेवला, पटका खांद्यावर टाकला. "पन धाकलं मिस्त्री, आज एक कळलं. टांगत गेलो ह्येच चुकलं. ज्यानं टांगला न्हाई, त्योच बरा ठरला. येतो मिस्त्री. राम राम."

रागानं बोलला असता, तर मिस्त्रीला सोसलं असतं. पण सटवा हळू बोलला.

आणि मिस्त्रीला एकदम वस्ताद आठवला. आपण पहिल्यांदा कारखान्यात आलो, त्या दिवसाचा. तेव्हा ठोकळा नवा, पिवळा होता आणि तार पूर्ण रिकामी. गिऱ्हाईकं बसलेली असताना वस्तादाच्या हातून टॅप मोडला होता. वस्तादानं सगळ्यांदेखत उठून तुकडा तारेला बांधला, हात पुसले आणि म्हणाला होता, "पहिला तुकडा थोरल्याचाच पाहिजे. तार रिकामी असली, तर पोरं पहिला तुकडा टांगायला भितात. मग लपवतात."

हे मिस्त्री चाळीस वर्षं विसरला होता. आपली जागा रिकामी राहिली, यातच खूश होता.

"सटवा, थांब," तो म्हणाला.

सटवा छपराच्या कडेला थांबला. मिस्त्रीनं कमरेची चंची सोडली. नाडी सुटेना. शेवटी आक्काच वैतागून म्हणाली, "अहो आता पान खायची वेळ आहे व्हय?"

"पान नाही आक्का." त्यानं चंची ऐरणीवर उलटी केली. पान पडलं, सुपारी पडली, आणि टण् करून ते टोक पडलं. मिस्त्रीनं चाचपून ते उचललं आणि बुडख्याला लावलं. जोड जोडाला बसला, मध्ये केसही मावला नसता.

"माझ्या हातून मोडलं," मिस्त्री म्हणाला. "बारा दिवस झाले. पट्टीला आटे पाडताना. पाव फेरा मागं घेतला नाही. ढलपी मीच तासली. सकाळी तू विचारलंस 'काय बाबा', तेव्हाही बोललो नाही."

आक्कानं ऐरणीवरची पान-सुपारी गोळा करून चंचीत भरली. 

मुलगा खाली बसला, बापाच्या पायापाशी. "अहो बाबा, मला सांगायचं तरी. हा बुडखा त्याच दिवशी चाकावर धरून मी त्याला नवं टोक काढून दिलं असतं. आखूड झाला असता, पण चालला असता."

 ही गोष्ट मिस्त्रीला ठाऊक नव्हती असं नाही. त्यानंच ती मुलाला शिकवली होती. पण लपवलेल्या वस्तूची दुरुस्ती कुणाला सुचते?

तो उठला, सटवापाशी गेला. "सटवा, तुझे अकरा तुकडे हीच या कारखान्याची अब्रू. मी ती घालवली. तू गेलास, तर उद्यापासून इथं कुणी खरं सांगणार नाही. मी हात जोडतो."

सटवानं त्याचे जोडलेले हात आपल्या थोराड हातांनी खाली केले. "आवं असं करू नगा," तो म्हणाला. मग थोडा हसला. "मला वाटाया लागलं हुतं मिस्त्री, त्या तारंवर म्या एकटाच म्हातारा हुणार."

"झालं का तुमचं?" आक्का डोळ्याला पदर लावत खेकसली. "माझा ऊस वाळतोय तिकडं!"

मुलानंही सटवापुढं मान खाली घातली. "काका, चुकलो."

"चाक फिरवू का?" सटवा एवढंच म्हणाला.

सटवानं पायानं चाक फिरवलं, मुलानं बुडखा धरला. ठिणग्या उडाल्या. मध्ये मध्ये पाण्यात बुडवून, सावकाश, बुडख्याला नवं निमुळतं टोक आलं. मुलगा ठोकळा उचलून निघाला, तशी मिस्त्री नेहमीच्या जागी बसायला लागला.

"बाबा, तुम्ही चला," मुलगा म्हणाला. "टॅप बिघडलेला आहे. त्याला जाणता हात पाहिजे. दांडा मी धरतो, तुमचा हात माझ्या हातावर ठेवा. सांगत राहा."

गुऱ्हाळावर पोरंबाळं जमली होती. थरथरता हात तरण्या हातावर, आणि म्हातारा तालात म्हणत होता, "अर्धा पुढं… पाव मागं. अर्धा पुढं… पाव मागं. घाई नको रे. कीस तुटू दे." पोरंही मग त्याच्याबरोबर म्हणायला लागली. वाट झाल्यावर मधला टॅप लावला, मग धाकटा. दिवस मावळायच्या आत बोल्ट बसला, बैल फिरायला लागले, आणि ओढ्याअलीकडच्या लोकांना गुऱ्हाळाचा धूर दिसला.

पण सकाळचा रस आंबला होता. निम्मी काहील आक्काला ओतून द्यावी लागली. मिस्त्री त्या ओतलेल्या रसाकडं बघत उभा राहिला, तेव्हा आक्का म्हणाली, "रस आंबला, ओतला. तुम्ही आंबला नाहीत, पुष्कळ झालं. आता ही काकवी घ्या, अन् पुन्हा माझ्या दारात बुडूख पाठवू नका."

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीनं ते टोक तारेला बांधलं. वस्तादाच्या गंजक्या तुकड्याशेजारीच. गाठ त्याला नीट बसेना, तेव्हा सटवानं बोट लावलं.

पुढं बरीच वर्षं मिस्त्री जगला, आणि गेला. सटवाही गेला. जाईपर्यंत तारेवर त्याचे चौदा झाले होते. पण ठोकळा राहिला. मुलानं चार सुतीचा तो थोरला टॅप कधी बदलला नाही, आणि त्याच्या घरात ढलपीही परत घातली नाही. त्यामुळं तिघा भावांत थोरल्याचंच डोकं बोटभर खाली दिसायचं. नवं गिऱ्हाईक हटकून विचारायचं, "हा एवढाच का बसका?"

मग मुलगा हातातलं काम ठेवायचा, तारेकडं बोट करायचा, आणि पहिल्यापासून सगळी गोष्ट सांगायचा. काम कितीही घाईचं असो.

तात्पर्य एवढंच: मोडलं तर घर रिकामं ठेवावं आणि माझ्या हातून मोडलं म्हणावं, दाखवलेली मोड दुरुस्त होते, लपवलेली मात्र दुसऱ्याच्या कामात मोडते, आणि म्हणून पहिला तुकडा थोरल्यानंच टांगावा.